जुनी नाभि, नवी नेमि

सोलापुरांतील जुन्या वाड्यांत जिन्याखालीं किंवा पडवीच्या कोपऱ्यांत एखादी सायकल भिंतीला टेकून उभी असलेली अजूनहि दृष्टीस पडते. तिच्या टायरांना भेगा गेलेल्या असतात, सीटचें कातडें वाळून आक्रसलेलें असतें, हँडलवर कोळ्यानें जाळें विणलेलें असतें. भंगारवाल्याची हाक ऐकूं आली कीं घरांतील तरुण मंडळी त्या सायकलीकडे पाहतात आणि वडील मंडळी तरुणांकडे पाहतात. त्या नजरानजरेंत बहुधा तिचा निकाल लागतो, कारण तिची बाजू मांडणारें तेथें कोणी नसतें. ती बाजू मांडावी, आणि भावनेच्या जोरावर न मांडतां मोजपट्टीच्या जोरावर मांडावी, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

ती सायकल दूधवाल्याची किंवा पेपरवाल्याची असते तशी काळी, उंच, साधी असेल, तर प्रश्न फारसा अवघड नाहीं. तिच्या चाकाचें माप पिढ्यान् पिढ्या तेंच आहे व तिच्या रिमा, तारा, टायर कोणत्याहि पेठेंत मिळतात. अडचण येते ती रेसिंगच्या सायकलीची: वांकडें हँडल, बारीक टायर, मागें गिअरच्या चकत्या आणि हलका पोलादी सांगाडा असलेल्या सायकलीची. अशा सायकलींचा सांगाडा आपल्या कोरड्या हवेंत पन्नास वर्षें सहज टिकतो. चाकें मात्र तितकीं टिकत नाहींत. ब्रेकच्या घर्षणानें रिमेची भिंत झिजते, निपलापाशीं गंज चढतो, आणि तारा वांकाच्या जागीं तुटूं लागतात.

असाच एक प्रसंग आमच्या शेजारीं उद्भवला. घरचे यजमान आठ वर्षांपूर्वीं निवर्तले. १९७८ सालीं इंग्लंडांतून शिक्षण पुरें करून परततांना त्यांनीं तिकडील एक रेसिंगची सायकल बरोबर आणली होती व पुढें कित्येक वर्षें दर मंगळवारीं पहाटे ते तिच्यावरून तुळजापुरास जाऊन दर्शन घेऊन परत येत. आतां त्यांचा नातू एकोणीस वर्षांचा झाला. आजोबांच्याच सायकलीवरून तुळजापुरास जावयाचें त्यानें मनांत घेतलें. वहिनींनीं त्याला एकच अट घातली. "चालवायची तर नीट करून चालव. नाहींतर जिन्याखालीं आहे ती बरी आहे. मला ती मोडीतहि नको आणि तूं मोडून घेतलेलाहि नको." या अटींत पुढील सर्व शास्त्र आलें आहे.

सायकल आमच्याकडे आली कशी

इ. स. १८८५ मध्यें इंग्लंडांतील कॉव्हेंट्री येथें जॉन केंप स्टार्ली यानें 'रोव्हर' नांवाची सायकल बाजारांत आणली. तोंवरची सायकल म्हणजे पुढें पुरुषभर उंचीचें चाक व मागें चिमुकलें चाक. रोव्हरचीं दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं होतीं आणि साखळी मागचें चाक फिरवीत असे. १८८८ सालीं बेलफास्ट येथें जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें हवा भरलेल्या टायरचें पेटंट घेतलें. योगायोग असा, कीं त्याच १८८८ सालीं बेळगांवांत किर्लोस्कर बंधूंनीं सायकलींचें दुकान काढलें. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षक असतांना तेथून सायकली पाठवीत आणि बंधु रामूअण्णा बेळगांवांत त्या विकीत. ज्या उद्योगांतून पुढें लोखंडी नांगर निघाले आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, त्याचा आरंभ असा सायकलीच्या चाकापासून झाला. मास्तरकीच्या पगारांत राहूनहि हातानें कांहीं करून पाहणाऱ्या त्या गृहस्थाविषयीं आम्हां शिक्षकांना विशेष आपुलकी वाटते.

सायकलीची ताकद आमच्या देशांतील तरुणांनीं लवकरच अजमावली. १९२३ सालीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं अदि हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटर प्रवास करून १९२८ सालीं परत आले. वाटेंत वाळवंट होतें, बर्फ होतें, आणि दुरुस्तीस दुकान कोठेंच नव्हतें. एवढा प्रवास जर तारांचीं चाकें करूं शकतात, तर सोलापूर ते तुळजापूर हे पंचेचाळीस किलोमीटर त्यांना जड नाहींत. मात्र चाक चाकाच्या जागीं बरोबर बसलेलें हवें.

नाभि, अर आणि नेमि

आपल्या पूर्वजांनीं चाकाचे अवयव फार बारकाईनें पाहिले होते. मध्यभाग ती नाभि, तिच्यांतून बाहेर गेलेले ते अर, आणि त्या सर्वांना वेढणारी ती नेमि. अमरकोशांत नेमीस प्रधि व नाभीस पिण्डिका असेंहि म्हटलें आहे. सर्व भूतें आत्म्यांत कशीं स्थिर आहेत हें सांगतांना उपनिषत्कारांस रथनाभींत बसविलेल्या अरांचीच उपमा सुचली. रघुवंशाच्या पहिल्या सर्गांत प्रजा पूर्वापार मळलेल्या वाटेवरून रेषभरहि ढळली नाहीं हें सांगतांना कालिदासानें चाकोरींतून जाणारी नेमि डोळ्यांपुढें ठेवली. बैलगाडीच्या चाकांत हेच अवयव तुंबा, आरे आणि धाव होऊन नांदले. सायकलींत ते हब, तारा आणि रिम झाले.

परंतु नांवें जुळलीं तरी काम जुळत नाहीं. बैलगाडीचा आंस तुंब्यावर टेकतो आणि तुंबा खालच्या लांकडी आऱ्यावर उभा राहतो, जसें छप्पर खांबावर उभें राहतें. सायकलीची तार इतकी बारीक असते कीं तिच्यावर भार उभा केला तर ती क्षणांत वांकेल. म्हणून चाक बांधतांनाच सर्व तारा वीणेच्या तारांसारख्या ताणून ठेवलेल्या असतात. स्वार बसला म्हणजे खालच्या तारांचा ताण किंचित् कमी होतो, एवढेंच. नाभि छत्तीस ओढींच्या मध्यें तोलून धरलेली असते. यांतील एक तार ढिली पडली तर तिचें काम शेजारणींवर पडतें, त्या थकतात आणि एकेक करून तुटतात. एकत्र कुटुंबांत राहिलेल्या वाचकांस हें अधिक समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

तारा नाभीपासून सरळ न काढतां तिरप्या, एकमेकींस ओलांडीत नेण्याची युक्ति जेम्स स्टार्ली यानें १८७४ सालीं पेटंट केली. पॅडल मारतांना नाभीस जो पीळ बसतो तो या तिरप्या तारा रिमेपर्यंत पोंचवितात. मागच्या चाकांत आणखी एक गोष्ट असते. उजवीकडे गिअरच्या चकत्यांना जागा लागते म्हणून त्या बाजूच्या तारा अधिक उभ्या आणि अधिक ताणलेल्या असतात. मागच्या चाकाच्या उजव्या बाजूची तारच वारंवार कां तुटते, याचें उत्तर यांत आहे.

आंकड्यांचा घोळ

नवीं चाकें आणावयास निघालेल्या माणसाची खरी फसगत होते ती मापाच्या आंकड्यांत. जुन्या इंग्रजी रेसिंगच्या सायकलीवर बहुधा २७ × १¼ असें लिहिलेलें असतें. दुकानांत सत्तावीस मागावें तर आज साडेसत्तावीस पुढें केलें जातें, आणि अर्ध्या इंचानें काय बिघडतें असें वाटतें. प्रत्यक्षांत टायर जेथें रिमेवर बसतो तेथील व्यास सत्ताविशीचा ६३० मिलिमीटर आणि साडेसत्ताविशीचा ५८४ मिलिमीटर असतो. आंकडा मोठा, पण चाक साडेचार सेंटिमीटरांनीं लहान! हल्लीं डोंगरी सायकलींवर २९ हा आंकडा दिसतो. त्याचा हा व्यास ६२२ मिलिमीटर, म्हणजे तोहि सत्ताविशीहून लहानच. आजच्या रेसिंगच्या सायकलीवर ७०० सी असें लिहितात. तिचाहि व्यास ६२२. आणि दूधवाल्याच्या सायकलीची २८ × १½ ही रिम ६३५ मिलिमीटर, म्हणजे या सर्वांहून मोठी.

हा घोळ होण्याचें कारण असें कीं जुने आंकडे फुगलेल्या टायरची बाहेरची उंची सांगतात. टायर जाड किंवा बारीक झाला कीं उंची बदलते, आंकडा मात्र चिकटून राहतो. सव्वीस इंच या एकाच नांवाखालीं निरनिराळ्या व्यासांच्या रिमा मोडतात. २६ × १¾ आणि २६ × १.७५ हीं गणितांत समान असलीं तरी चाकांत समान नाहींत. गणित शिकविणाऱ्यास हें सहन होणें कठीण, परंतु बाजाराचें व्याकरण असेंच असतें.

सुदैवानें या रोगावर औषध आहे. बहुतेक टायरांच्या बाजूवर लहान अक्षरांत ३२-६३० किंवा २८-६२२ अशी दुसरी जोडी छापलेली असते. पहिला आंकडा टायरची रुंदी, दुसरा रिमेवरील व्यास, दोन्ही मिलिमीटरांत. हा दुसरा आंकडा जुळला तरच टायर बसतो. इंचांची भाषा दुकानदारावर सोपवावी आणि आपण हा तीन आंकडी व्यास कागदावर लिहून न्यावा.

पांच मापें

केवळ व्यास पाहून भागत नाहीं. जुन्या सायकलीस चाक आणतांना पांच गोष्टी पाहाव्या लागतात, आणि पांचहि घरीं बसून पाहतां येतात.

पहिली, हा व्यास. दुसरी, मागच्या चिमट्यांतील आंतलें अंतर. पांच गिअरांच्या जुन्या सायकलींत तें सामान्यतः १२० मिलिमीटर असतें, सहा-सात गिअरांच्या सायकलींत १२६. पुढें आठ व अधिक गिअर आले तेव्हां १३० झालें. डिस्क ब्रेकच्या चाकांस याहूनहि अधिक जागा लागते. सांगाडा पोलादी असेल तर जाणता कारागीर १२६ चे १३० करून देऊं शकतो, कारण प्रत्येक बाजूस दोनच मिलिमीटर सरकावयाचे असतात. ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या सांगाड्यावर मात्र हा प्रयोग कदापि करूं नये. तो लवत नाहीं, तडकतो.

तिसरी गोष्ट, चकत्या हबवर बसतात कशा. जुन्या हबवर आटे असतात व फ्री व्हील सबंध त्यांवर फिरवून बसवितात. नव्या हबांत फ्री व्हीलचें यंत्र हबमध्येंच असतें व चकत्या वरून सरकवितात. एकाचें दुसऱ्यास चालत नाहीं. चौथी गोष्ट, भोकांची संख्या. या जातीच्या चाकांत बहुधा छत्तीस असतात. जुन्या काळ्या इंग्रजी सायकलींत पुढें बत्तीस आणि मागें चाळीस असत. हब ठेवून रिम बदलावयाची असेल तर दोहोंचीं भोकें सारखीं हवींत.

पांचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित: ब्रेक. ६३० ची रिम काढून ६२२ ची घातली तर व्यास आठ मिलिमीटरांनीं कमी होतो, म्हणजे रिमेची कड चार मिलिमीटर खालीं जाते. ब्रेकचीं रबरें तितकींच खालीं यावयास हवींत. ब्रेकच्या बाहूंत जी लांबट खांच असते तिच्यांत तेवढी जागा शिल्लक आहे कीं नाहीं, हें आधीं पाहावें. शिवाय हल्लींचीं पुष्कळ तयार चाकें डिस्क ब्रेकसाठीं असतात; त्यांच्या रिमेस रबर घासण्याची सपाट भिंतच नसते. तीं कितीहि देखणीं असलीं तरी जुन्या सायकलीच्या उपयोगाचीं नाहींत.

आमच्या शेजारच्या मुलाला शहरांतील एका दुकानांत तयार चाकांची जोडी मिळाली. चाकें ६२२ चीं, नवीं, चकचकीत. मागचें चाक हातानें चिमटा फांकवून बसवून दिलेलें. सायकल चालूं लागली, मुलगा आनंदला आणि येत्या रविवारीं तुळजापूर असें ठरलें. निघण्यापूर्वीं मिस्त्रीला दाखव, एवढें मीं त्याला सांगितलें.

मिस्त्रीचा कान

हे मिस्त्री जुन्या गिरणीच्या भागांत बसतात. गिरणी कधींच बंद पडली, पण तिच्या पाळ्यांना जाणाऱ्या कामगारांच्या सायकली त्यांच्या वडिलांनीं दुरुस्त केल्या आणि तें काम मुलानें पुढें चालविलें. शाळेंत असतांना माझी सायकलहि तेथेंच जात असे. त्यांनीं सायकल उलटी केली, मागचा ब्रेक दाबून धरला आणि चाक हातानें ओढून फिरविलें. टायरच्या बाजूवर काळी चकचकीत रेघ उमटली. "मास्तर, ही रेघ बघा," ते म्हणाले, "अर्धं रबर रिमेवर, अर्धं टायरवर. तुळजापूरचा घाट उतरताना पोरगं ब्रेक दाबणार. टायर कापला जाणार आणि फुटणार. मग सायकल सांभाळायला हात कुठला?"

मुलाचा चेहरा उतरला. पुढच्या ब्रेकच्या खांचेंत जागा होती, मागच्याचें रबर आधींच खांचेच्या तळाशीं होतें. तेथें आणखी एक मिलिमीटरहि नव्हता. खांच कानशीनें वाढवून काम भागवावें असें कोणी सुचविलें. मिस्त्रींनीं तें साफ नाकारलें. ज्या धातूवर जीव टांगावयाचा तो आपल्या हातानें पातळ करावयाचा नाहीं, हा त्यांच्या वडिलांचा नियम होता.

आतां मार्ग दोन उरले. एक, ६३० चीच नवी रिम परदेशांतून मागवावी. मूळ रूप राहतें, परंतु पुढें प्रत्येक टायरसाठीं तितकीच वाट पाहावी लागते. कारण या मापाचे टायर आतां थोडे, आणि निवड त्याहून थोडी. दुसरा, ६२२ ची रिम घ्यावी आणि मागें लांब बाहूचा ब्रेक बसवावा. ६२२ चा टायर आज गांवोगांव मिळतो. जी सायकल रोज वापरावयाची तिला दुसरा मार्ग बरा, जी जपून ठेवावयाची तिला पहिला. मुलास सायकल वापरावयाची होती. तयार चाकें परत गेलीं. छत्तीस भोकांच्या दुहेरी भिंतीच्या ॲल्युमिनियमच्या रिमा, नव्या न गंजणाऱ्या तारा आणि लांब बाहूचा एक ब्रेक आला. हब आजोबांचेच ठेवावयाचे ठरलें.

मिस्त्रींनीं ते उघडले, रॉकेलनें धुतले आणि कोनांवरून नख फिरवून पाहिलें. खड्डे नव्हते. नवे छर्रे व नवें ग्रीस घातल्यावर पन्नास वर्षांपूर्वींचा आंस बोटाच्या स्पर्शानें फिरूं लागला. जुन्या तारा पुन्हां वापरावयाच्या नाहींत, हें त्यांनीं आधींच बजावलें होतें. नव्या रिमेचा आंतला व्यास वेगळा, म्हणून तारेची लांबी वेगळी. आणि वर्षानुवर्षें ताण सोसलेली तार वरून सरळ दिसली तरी वांकापाशीं आंतून थकलेली असते. प्रत्येक तार तीन तारांस ओलांडून जाईल अशी ओवण झाली. नंतर चाक चिमट्यांत टांगून त्याचा आउट काढण्याचें काम सुरू झालें: निपलास पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. पहिल्या दिवशीं चाक गोल झालें, दुसऱ्या दिवशीं सरळ. शेवटीं त्यांनीं एकेक तार बोटानें छेडून पाहिली. एका बाजूच्या सर्व तारांचा स्वर एक यावा लागतो. एक तार बेसूर लागली; ती त्यांनीं आवळली आणि पुन्हां छेडली. त्यांना वाचनाचा सराव नाहीं, परंतु ताण मोजण्याचें यंत्र जें सांगेल तें त्यांचा कान सांगतो.

मुलानें दोन्ही संध्याकाळीं तेथें बसून पुढचें चाक स्वतः ओवलें. मिस्त्रींनीं तें दोनदां उसवावयास लावलें. तिसऱ्या वेळीं ते कांहीं बोलले नाहींत, यावरून तें साधलें असें आम्ही समजलों.

चालविणाऱ्यांसाठीं चार शब्द

नव्या बांधलेल्या चाकाच्या तारा पहिल्या शंभर किलोमीटरांत जागीं बसतात व किंचित् ढिल्या होतात. तेव्हां एकदां परत नेऊन ताण पाहून घ्यावा. टायरमध्यें हवा किती भरावी हें टायरच्याच बाजूवर छापलेलें असतें, त्याहून अधिक भरूं नये. सोलापूरच्या वैशाखांत पारा बेचाळीस-चव्वेचाळीसपर्यंत चढतो. त्या दिवसांत फुगवलेली सायकल दुपारीं उन्हांत उभी ठेवूं नये. रबराला ऊन मानवत नाहीं, आणि जिन्याखालीं राहिलेल्या सायकलींचे टायरहि केवळ वयानें तडकतात. जुना टायर जाड दिसला तरी भेगा असतील तर तो काढावाच. जुन्या पोलादी, मुलामा दिलेल्या रिमा पावसांत ब्रेक फार कमी धरतात. ज्यांच्या सायकलीस अद्याप तशा रिमा आहेत त्यांनीं पावसाळ्यांत वेग आंवरावा. रिमेची भिंत ब्रेकनें झिजून आंत खोलगट झाली असेल तर ती कितीहि सरळ फिरो, तिचें आयुष्य संपलें. आणि ब्रेक दाबून चाक फिरवून पाहण्याची मिस्त्रींची परीक्षा प्रत्येक घरांत व्हावी. तिला अर्धें मिनिट लागतें.

रिम नवी, तारा नव्या, मागचा ब्रेक नवा, तर मग ती आजोबांची सायकल कशी राहिली, असें एका चिकित्सक गृहस्थांनीं विचारलें. प्रश्न नवा नाहीं. रथ म्हणजे चाक कीं आंस कीं जूं, असें नागसेन भिक्षूनें मिलिंद राजाला फार पूर्वींच विचारून ठेवलें आहे. त्या चर्चेंत न शिरतां एवढें सांगतों, कीं वहिनींनीं जुन्या रिमा परत मागून घेतल्या आणि आतां त्यांच्यावर जाईचा वेल चढविला आहे. सायकल तुळजापुरास जाऊन आली, आणि दर मंगळवारीं नाहीं तरी महिन्यांतून एकदां जाते.

मला चिंता वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. १९५१ सालीं सोनीपत येथें सुरू झालेल्या ॲटलस सायकलीच्या कारखान्याचें शेवटचें चालू केंद्र ३ जून २०२० रोजीं बंद पडलें; तो दिवस जागतिक सायकल दिन होता. कारखाना बंद पडला तर दुसरा निघतो. लुधियानांत रिमा व तारा आजहि तयार होतात. परंतु त्या तारा एका स्वरांत लावणारा कान कारखान्यांत तयार होत नाहीं. आमच्या मिस्त्रींचा मुलगा पुण्यास मोबाइलच्या दुकानांत आहे. तो तेथें सुखी आहे आणि बापाची त्याविषयीं तक्रार नाहीं. तरी प्रत्येक पेठेंत असा एखादा वृद्ध कारागीर अजून बसलेला आहे तोंवर आपल्या घरांतील मुलांना सुट्टींत दोन संध्याकाळ त्याच्यापाशीं पाठवावें, चाक ओवावयास शिकूं द्यावें, आणि त्याची मजुरी घासाघीस न करतां द्यावी. जिन्याखालची सायकल त्या निमित्तानें बाहेर निघेल. न निघाली तरी मुलाच्या हाताला एक विद्या लागेल.